फिलोमेनची वीस रोपं

वादळाच्या दुसऱ्या वर्षी चर्चच्या विकास समितीची गाडी पितों गावाच्या टोकाच्या वस्तीत आली, तेव्हा कुणाला काय द्यायचं ते आधीच ठरलेलं होतं. रस्त्याच्या अलीकडच्या सहा भारतीय घरांना बियाण्याचे बटाटे. पलीकडच्या काळ्या, क्रेओल लोकांच्या झोपड्यांना पिठाची पोती, डबाबंद मासळी, जुने कपडे आणि दोन घरांत मिळून एक मासे धरायचं जाळं. समुद्र तिथून दोन तासांच्या चालीवर होता आणि मधे सगळा ऊस.

फिलोमेनने आपल्या वाट्याचं अर्धं जाळं दारातल्या टोमॅटोंवर पसरलं, पाखरं येऊ नयेत म्हणून.

"आयुष्यात दोनदा होडीत बसले," ती इंद्राणीला सांगत होती. "दोन्ही वेळा ओकले. माझा नवरा तर पाण्यात पाय बुडवायला भितो. पण काळं माणूस दिसलं की यांना लगेच होडी दिसते."

"मग तू सांगितलं नाहीस त्यांना?"

"विचारलं कुणी?"

दोघी ओणव्या होऊन बटाट्यांना मातीची भर देत होत्या. बोलणं क्रेओलीत चाललं होतं. शेतात क्रेओली, घराच्या उंबऱ्याच्या आत मराठी, अशी इंद्राणीच्या जिभेची वाटणी होती. नवा ऊस लावला की पहिल्या वर्षी दोन ओळींमधल्या पट्ट्यात बटाटा घ्यायचा, ही तिथली रीत. जमीन दीड आर्पां, इंद्राणीच्या नवऱ्याची, लक्ष्मणची. एक आर्पां म्हणजे एकराहून थोडं जास्त. लक्ष्मणचा पणजा रत्नागिरीकडून करारावर या बेटावर आला तेव्हा मळ्याचे दगड वाहायला जुंपला गेला होता. त्याच्या हातचा काळ्या दगडांचा ढीग अजून शेताच्या मधोमध उभा होता. चार पिढ्यांनी दगड वेचले तरी खालून नवे वर येतच होते. कुदळ मारली की चारातला एक घाव खणकन वाजायचा.

फिलोमेनची कुदळ मात्र क्वचितच वाजे. घाव घालण्याआधी ती पातं जमिनीवर नुसतं टेकवायची, किंचित दाबायची आणि मग एखादी वीत बाजूला सरकायची. पन्नाशीची, रुंद खांद्यांची बाई. अकरा वर्षं ती इथे रोजावर येत होती आणि अकरा वर्षं इंद्राणी हे बघत होती. कसं कळतं, हे विचारावंसं तिला कधी वाटलं नव्हतं.

पाण्याच्या पिंपाजवळ भिंतीतल्या खिळ्यावर जॅमची एक काचेची बाटली उपडी अडकवलेली असायची. घरातले पेले पितळेचे आणि स्टीलचे. बाटली फिलोमेनची. इंद्राणीच्या सासूने ती वेगळी ठेवली होती. सासू गेल्यावर इंद्राणीने तशीच राहू दिली. त्याबद्दल घरात कधी कुणी बोललं नव्हतं, फिलोमेनही नाही.

त्या वर्षी लक्ष्मणला एकच ध्यास लागला होता. चर्चची दोन आर्पां जमीन पाळकवाड्यामागे पडून होती. सहा घरांपैकी ज्याचं बटाट्याचं पीक सगळ्यांत चांगलं आणि ज्याचं शेतीचं ज्ञान सगळ्यांत पक्कं, त्याला ती दहा वर्षांच्या कराराने मिळणार होती. पाहणीला पेर, म्हणजे फादर, आंसेल्म स्वतः येणार होता. हा पाद्री गोरा, उंच, साखर कारखानदारांच्या नात्यातला. पण क्रेओली अशी बोलायचा की डोळे मिटून ऐकलं तर गावातलाच वाटावा. लक्ष्मण बावीस वर्षं मळ्यावर ऊस तोडत होता. त्याचा उजवा गुडघा सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं वाकत नसे. दोन आर्पां मिळाली की कोयता खाली ठेवायचा, हे त्याने मनात ठरवून टाकलं होतं. झोपतानाही तो इंद्राणीला सांगायचा, कुठल्या कोपऱ्यात मिरची, कुठे वांगी.

जूनच्या सुरुवातीला, ऊसतोड लागली त्याच आठवड्यात, एका दुपारी बटाट्याची नऊ झाडं मान टाकून उभी दिसली. संध्याकाळी ती पुन्हा ताठ झाली. दुसऱ्या दुपारी पुन्हा पडली, आणि या खेपेला चौदा होती.

"तहान लागलीहाय त्यांना," लक्ष्मण म्हणाला. "सांजेला पाणी घालूया."

"पा मेत् दिलो, लक्ष्मण," फिलोमेन ओळीतूनच म्हणाली. "पाणी घालू नकोस. हे तहानेचं नाही."

"फिलोमेन, तू बटाटे खायचं काम कर. पिकवायचं आमच्यावर सोड."

तो हसला. तो मनाने वाईट नव्हता. फिलोमेनच्या नवऱ्याची पाठ धरली तेव्हा त्याला पाठुंगळी घेऊन यानेच दवाखान्यात नेलं होतं. फिलोमेनही हसली. अशा वेळी हसून टाकलं की दिवस पुढे सरकतो, हे तिला ठाऊक होतं. संध्याकाळी तिघांनी मिळून अठरा डबे पाणी घातलं.

सोमवारी समितीचा शेतकी मदतनीस जयदेव मोपेडवरून आला. कार्तिए मिलितेरच्या मराठी घरातला मुलगा, रेद्विईच्या शेतकी विद्यालयातून नुकताच बाहेर पडलेला, खिशाला दोन पेनं. "मामी, मामा कुठेत?" म्हणत तो बांधावर उभा राहिला. चिखल बघून ओळीत उतरला नाही.

"करपा आहे," तो म्हणाला. "ही पावडर फवारा. आज आणि गुरुवारी."

"मिस्ये," फिलोमेन म्हणाली, "करप्याचे डाग कुठे आहेत पानांवर?"

जयदेव तोवर वहीत लिहायला लागला होता. प्रश्न त्याच्या पाठीवर पडला आणि तिथेच राहिला. इंद्राणीने मात्र एक पान उलटं केलं, मग दुसरं, मग तिसरं. पानं हिरवीगार होती. एकावरही डाग नव्हता.

मंगळवारी दुपारी पडलेली झाडं मोजली तर साठ भरली. लक्ष्मण मळ्यावर होता. ऊन स्वच्छ, वारा नाही. इंद्राणी ओळीच्या मधे उभी राहिली आणि तिला एकदम वाटलं की आपण अकरा वर्षं ज्या बाईच्या बाजूला ओणवं झालो, तिला एकही प्रश्न विचारला नाही. चूल कशी आहे, नवरा कसा आहे, हे विचारलं. पण तुला काय कळतं, हे नाही.

"फिलोमेन," ती म्हणाली, "काय झालंय यांना?"

फिलोमेन सावकाश सरळ झाली. तिने इंद्राणीकडे बघितलं, जणू प्रश्न खरा आहे की नाही ते तपासत होती.

"काचेचं भांडं दे," ती म्हणाली. "आरपार दिसेल असं."

घरात एकच होतं. इंद्राणी ते खिळ्यावरून काढून घेऊन आली. फिलोमेनने ते पिंपाच्या पाण्याने दोनदा विसळलं, काठोकाठ भरलं आणि दगडांच्या ढिगावर सपाट जागा बघून ठेवलं. पडलेल्या एका झाडाचं बुडाजवळचं बोटभर देठ कोयतीने कापलं. बाटलीच्या तोंडावर एक काडी आडवी ठेवली, तिला देठ दोऱ्याने बांधून पाण्यात लोंबतं सोडलं आणि म्हणाली, "आता हात लावू नकोस. जोरात श्वासही सोडू नकोस."

दोघी उकिडव्या बसल्या. थोडा वेळ काहीच झालं नाही. देठाभोवती एक बारीक बुडबुडा होता, तो फुटला.

मग देठाच्या कापलेल्या टोकातून एक पांढरा धागा बाहेर आला.

तो केसाहून बारीक होता. उदबत्तीचा धूर निघतो तसा निघत होता, पण उलटा, खाली. कुणी ओढत नव्हतं, कुणी ढकलत नव्हतं. पाणी इतकं निश्चल होतं की धागा न मोडता तळापर्यंत गेला आणि तिथे वेटोळं करून बसला. मागोमाग दुसरा निघाला, मग तिसरा. हिरव्यागार देठाच्या आतून दुधासारखं काहीतरी शांतपणे वाहत होतं, आणि बाहेर ऊन, दगड, ऊस, सगळं रोजचंच होतं. इंद्राणीच्या दंडावर काटा आला. तिला श्वास सोडायचाही धीर झाला नाही. या झाडांना तिने रोज हात लावला होता. त्यांच्या आत हे चाललंय याची तिला गंधवार्ता नव्हती.

"हे काय आहे?" तिने कुजबुजत विचारलं.

"रोग. बियाण्यातून आलाय. झाडाच्या आतल्या नळ्या बुजवतो, म्हणून पाणी वर चढत नाही. आपण वरून पाणी घातलं की त्याच पाण्यातून शेजारच्या झाडाकडे जातो."

"तुला कुणी शिकवलं?"

"बापाने. रेल्वेच्या रुळाकडेला त्याची वांगी होती. सात वर्षं मरत होती आणि सात वर्षं तो नुसता बघत होता. एकदा कापलेली फांदी बाटलीत राहून गेली, तेव्हा त्याला हा धागा दिसला. मग त्याने चांगल्या झाडाची फांदी दुसऱ्या बाटलीत ठेवली. तिच्यातून काही निघालं नाही. तेव्हा त्याचा विश्वास बसला."

"आणि तू इतकी वर्षं गप्प?"

"तुझ्या सासूला सांगितलं होतं, वांग्यांच्या वेळी. ती म्हणाली उन्हाने झालंय." फिलोमेनने बाटली उचलली. "यातलं पाणी शेतात ओतायचं नाही हं. आणि यात आता प्यायचंही नाही."

पाणी तिने चुलीतल्या निखाऱ्यांवर ओतलं. मग घाम पुसून पिंपाकडे गेली आणि सवयीने खिळ्याकडे हात नेला. खिळा रिकामा होता. इंद्राणी आत गेली आणि पितळेचा पेला भरून घेऊन आली. फिलोमेनने तो वर धरला, मान मागे टाकली, लांबून धार तोंडात सोडायला लागली.

"तोंड लाव," इंद्राणी म्हणाली. "सांडतंय."

संध्याकाळी इंद्राणीने लक्ष्मणला सगळं सांगितलं. साठ झाडं मुळांवरच्या मातीसकट उपटून जाळायची, खड्ड्यात चुना टाकायचा, कुदळी विस्तवात धरायच्या, पाणी बंद.

"शुक्रवारी पाद्री येतोय गो," तो म्हणाला. "शेताला भोकं दाखवू त्याला? शनिवारी उपट."

"शनिवारपतुर दोनशे होतील."

"होऊ देत. आधी जमीन हातात येऊ दे."

"अवो, मी डोळ्यांनी बघितलंय."

"तिनं दाखवलं नि तू बघितलंस," लक्ष्मण म्हणाला आणि कूस बदलली.

बुधवारी तो पहाटे मळ्यावर गेला. उजाडल्यावर फिलोमेन आली तेव्हा इंद्राणी टोपल्या घेऊन ओळीत उभी होती. तेवीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने नको म्हटलेलं काम तिने आजवर केलं नव्हतं. पहिलं झाड उपटताना तिने रस्त्याकडे बघितलं. दहाव्यापर्यंत बघायचं सोडलं. दुपारपर्यंत त्रेसष्ट झाडं निघाली. दगडांच्या ढिगावर उसाचं पाचट रचून त्यांनी ती जाळली. ओल्या पाल्याचा कडू धूर दोघींच्या डोळ्यांत गेला. चुन्याने बोटं सोलवटली. फिलोमेन प्रत्येक झाडानंतर कुदळ विस्तवात धरायला परत जायची, एकदाही टाळलं नाही, आणि इंद्राणी तिच्यामागे तसंच करत होती.

लक्ष्मण परतला, ओळींमधले पांढरे खड्डे त्याने बघितले, आणि तो बांधावर बसला. जेवायला आत आला नाही. ओरडलाही नाही, हे इंद्राणीला जास्त लागलं.

शुक्रवारी त्याने खाडा केला. इंद्राणी उठून बाहेर येते तर तो ओळीत गुडघ्यावर बसलेला, तो दुखरा गुडघा मातीत रुतवून. चांगल्या झाडांचे शेंडे कापून तो एकेक खड्ड्यात खोचत होता. नऊच्या सुमारास शेत भरल्यासारखं दिसायला लागलं. फिलोमेन रस्त्याच्या कडेला आली, तिने ते बघितलं आणि तिथल्याच दगडावर बसली. "आज तू तिथंच रहा," लक्ष्मणने तिला सांगितलं.

पेर आंसेल्म दहा वाजता आला, मागे मोपेडवर जयदेव. इंद्राणीने अंगणात खुर्ची मांडून तिच्यावर धुतलेला टॉवेल टाकला होता. पाद्री खुर्चीवर बसला नाही. "आधी शेत बघू," म्हणाला. लक्ष्मणने पाठ केलेलं सांगायला सुरुवात केली. खत किती, भर किती वेळा, बियाण्यातलं अंतर किती. पाद्री मान हलवत ऐकत होता. ऊन चढत होतं. लक्ष्मणच्या पाठीमागे खोचलेले शेंडे एकेक करून मान टाकायला लागले. इंद्राणीला ते दिसत होतं, फिलोमेनला दिसत होतं, फक्त लक्ष्मणला दिसत नव्हतं. तो सांगत होता, "आमच्या रक्तातच शेती हाय, मों पेर."

पाद्री वाकला. त्याने एक शेंडा दोन बोटांनी उचलला. तो अलगद वर आला. खाली मूळ नव्हतं.

"लक्ष्मण, हे काय आहे?" त्याने विचारलं, आणि तो थांबला.

इंद्राणीने मोठ्या माणसांना थांबताना कधी बघितलं नव्हतं. मळ्यावरचा मुकादम प्रश्न विचारायचा आणि उत्तरही स्वतःच द्यायचा. जयदेवही तसाच. हा माणूस मात्र शेंडा हातात धरून नुसता उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, घाई नव्हती. त्याच्या मानेवरून घाम ओघळला तरी तो पुसायला त्याने हात हलवला नाही. लक्ष्मणच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. जयदेव काहीतरी बोलायला गेला, पाद्र्याने त्याच्याकडे बघितलं, तो गप्प झाला.

"ते शेंडे आज सकाळचे आहेत," इंद्राणी म्हणाली. आपलाच आवाज तिला परका वाटला. "आमचं झाडांतलं ज्ञान तेवढंच, मों पेर. ज्याला कळतं ते माणूस तिथे दगडावर बसलंय."

लक्ष्मणने तिच्याकडे असं बघितलं की तिने मान खाली घातली. पण शब्द परत घेतले नाहीत.

फिलोमेनला बोलावलं. ती पदराला हात पुसावेत तसे झग्याला हात पुसत आली. त्या सकाळी आणखी दोन झाडं पडली होती. त्यांतल्या एकाचं देठ आणि एका चांगल्या झाडाचं देठ तिने कापलं. एक बाटली घरातली, दुसरी तिने झोपडीतून धावत जाऊन आणली. पाचही जणं दगडांच्या ढिगाभोवती उभी राहिली. एका बाटलीत पाणी होतं तसं राहिलं. दुसरीत पांढरा धागा उतरला.

जयदेव खाली बसला. त्याचे स्वच्छ बूट चिखलात गेले, त्याचं त्याला भान नव्हतं. "मामी," तो मराठीत पुटपुटला, "हे आम्हाला प्रयोगशाळेत दाखवलं होतं. हेच. परीक्षेत मी याची आकृती काढली होती." मग फिलोमेनकडे वळून क्रेओलीत म्हणाला, "तुम्ही मला डागांचं विचारलं होतं. मी ऐकलं होतं."

"माहीत आहे," फिलोमेन म्हणाली.

पाद्र्याने टोपी काढली आणि तो ढिगाच्या कडेला, मातीतच बसला.

"फिलोमेन, तू माझ्या चर्चमध्ये कुठल्या बाकावर बसतेस?"

"शेवटून दुसऱ्या, मों पेर."

"किती वर्षं?"

"तुम्ही यायच्या आधीपासून. आमची सगळी तिथेच बसतात. पुढे मळेवाल्यांची नावं आहेत बाकांवर."

"तिथे ऐकू येतं?"

"हो तर. तुमचा आवाज छान मोठा आहे. सगळं मागपर्यंत येतं." तिने झग्याची कड सारखी केली. "मागून पुढे काही जात नाही, एवढंच."

जयदेवला हसू फुटलं आणि त्याने ते गिळलं. पाद्री हसला नाही.

"एक आंधळा रस्त्याच्या कडेला बसून प्रभूला हाका मारत होता," तो सावकाश म्हणाला. बोलणं कुणाला उद्देशून नव्हतं. "तो आंधळा आहे हे सगळ्यांना दिसत होतं. तरी प्रभूने त्याला आधी विचारलं, तुझ्यासाठी मी काय करू? मी हे कितीदा वाचून दाखवलं असेल, आणि दर वेळी मला वाटायचं, हे काय विचारायचं? दिसतंय की! आम्हीही तसंच केलं. तुमचे रंग बघितले आणि यादी केली. एका रंगाला बियाणं, एका रंगाला जाळं. देवाने एका मातीची माणसं केली असं दर रविवारी म्हणायचं, आणि सोमवारी गाडीत माल वेगवेगळा भरायचा." त्याने मान वर केली. "फिलोमेन, तुला काय हवंय?"

पुन्हा तो थांबला. फिलोमेन स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. वारा सुटला, उसाची पाती घासली, कारखान्याचा भोंगा झाला.

"जमीन," ती म्हणाली.

इंद्राणीने लक्ष्मणकडे बघितलं. ती जमीन म्हणजे लक्ष्मणचा गुडघा होता, मिरचीचा कोपरा होता. आपण तोंड उघडलं नसतं तर! आणि त्याच क्षणी तिला हेही कळलं की हा शब्द या बाईच्या तोंडात अकरा वर्षं होता आणि ती तो आपल्या शेजारी ओणवी होऊन चघळत होती.

समितीच्या बैठकीत म्हणे बरीच खडाजंगी झाली. क्रेओल लोक शेती करत नाहीत, असं एकाने सांगितलं. यादीत नाव नाही, असं दुसऱ्याने. पुढच्या रविवारी पेर आंसेल्म प्रार्थनेआधी शेवटून दुसऱ्या बाकावर येऊन बसला. "तिथून वेदी एवढीशी दिसते म्हणाला," फिलोमेनने इंद्राणीला सांगितलं. "आणि आमच्या बाकाला ढेकूण आहेत तेही त्याला कळलं." सप्टेंबरात दोन आर्पांचा कागद फिलोमेनच्या नावाने झाला.

तोवर बटाटे निघाले होते. शेजारच्या हरिलालने फवारलं होतं आणि रोज पाणी घातलं होतं. त्याच्या ओळी कुजल्या, वास रस्त्यापर्यंत आला. लक्ष्मणच्या खड्ड्यांच्या भोवतालचं सगळं पीक सुखरूप निघालं. तरी तो धुमसत होता.

"तुझ्या तोंडानं दोन आर्पां गेली," तो एकदा जेवताना म्हणाला.

"माझ्या तोंडानं तुमची दीड वाचली," इंद्राणी म्हणाली, आणि त्याच्या ताटात भात वाढला.

ऑक्टोबरच्या शेवटी फिलोमेन अंगणात आली. नवऱ्याच्या पाठीमुळे दोन आर्पां तिला एकटीला झेपणार नव्हती. "निम्मी मेहनत, निम्मं पीक," ती म्हणाली. "पण मी सांगेन तसं." इंद्राणीने हो म्हटलं. लक्ष्मण दारात कोयता घासत होता. "मी तिच्या हाताखाली?" एवढंच तो मराठीत म्हणाला आणि घासत राहिला.

फिलोमेनने तण काढलं, माती भुसभुशीत केली, आणि मग काहीच लावलं नाही. चार कोपऱ्यांत टोमॅटोची पाच-पाच रोपं लावली, बस्स. वीस रोपं आणि बाकी दोन आर्पां उघडी माती.

गावाला करमणूक झाली. "दोन आर्पां मिळवली आणि कोशिंबिरीपुरतं लावलं," हरिलाल म्हणाला. सगळे पाऊस-वादळाआधी लागवड उरकत होते. इंद्राणीलाही धीर धरवेना.

"मातीत तो रोग आधीच असेल तर?" फिलोमेन म्हणाली. "रोपं सांगतील. महिना लागतो."

"आणि त्यांनी चुकीचं सांगितलं तर?"

"ती खोटं कशाला बोलतील? त्यांना कुठे जमीन हवीय."

रोज दुपारी बारा वाजता दोघी चारही कोपरे फिरायच्या. अठराव्या दिवशी पाळकवाड्याच्या भिंतीकडच्या कोपऱ्यातली तीन रोपं झुकली. फिलोमेनने देठ कापलं, धागा बघितला आणि तो अख्खा कोपरा दोरी लावून मक्यासाठी वेगळा काढला. इंद्राणी दोरीच्या अलीकडे आणि पलीकडे बघत राहिली. माती एकाच रंगाची होती, ढेकूळही सारखं. डोळ्यांना काहीच फरक दिसत नव्हता, आणि तरी विचारलेल्या प्रश्नाचं पायाखालच्या मातीने उत्तर दिलं होतं. एवढ्या वर्षांत ती हजारदा मातीवर ओणवी झाली होती. माती बोलू शकते असं तिला कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाराचं ऊन डोक्यावर होतं. रस्त्याकडून कुणीतरी लंगडत येताना दिसलं. लक्ष्मण होता. हात मागे बांधलेले, तोंड आंबट, चार माणसांत हसं झालेलं बघायला आल्यासारखा. पहिल्या कोपऱ्यापाशी गेला, दुसऱ्या, तिसऱ्या. दोरी लावलेल्या कोपऱ्यापाशी मात्र तो बराच वेळ उभा राहिला. मग खाली बसला, उजवा पाय लांब पसरून, आणि झुकलेल्या रोपाच्या पानांची एकेक बाजू उलटून बघायला लागला. डाग शोधत होता.

"फिलोमेन," शेवटी तो क्रेओलीत म्हणाला. त्याचा आवाज घोगरा होता. "बाकीच्या पंधरांचं कधी कळेल?"

फिलोमेनने आभाळाकडे बघितलं, मातीत बोट खुपसून बघितलं, ओठ हलवत दिवस मोजले. इंद्राणी नवऱ्याकडे बघत होती. तो मधे बोलला नाही. उत्तर स्वतःच दिलं नाही. उन्हात डोळे बारीक करून तसाच वर बघत राहिला.

"आणखी अकरा दिवस," फिलोमेन म्हणाली.

लक्ष्मणने मान हलवली.

"थांबू," तो म्हणाला.